गेमिंग कॉम्प्युटरच्या यादीतून काय काय गाळलं

धाकट्या भावाने पाठवलेल्या यादीत एकही भाग टाकाऊ नव्हता आणि तिथेच सगळी पंचाईत होती. एएमडी कंपनीचा रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, त्याला वाय-फायवाला बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम आणि तीही रंगीत दिव्यांची, ३६० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर, गेमचं चित्र तयार करणारं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, साठवणीसाठी २ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ८५० वॉटचा गोल्ड पॉवर सप्लाय, काचेचं कॅबिनेट, १४४०पी मॉनिटर. एखाद्या ओळीवर बोट ठेवावं तर तिचं कारण हजर. हा प्रोसेसर का, तर गेमिंगच्या आलेखात वर असतो. लिक्विड कूलर का, तर एवढा प्रोसेसर तापला तर? ८५० वॉट का, तर पुढे मोठं कार्ड घ्यावंसं वाटलं तर?

"ताई, एकदाच काय ते घेऊ. मग पाच वर्षं बघायला नको," हे त्याचं शेवटचं अस्त्र.

जुनं मशीन बदलायचं हे नक्की होतं. त्यातला इंटेलचा प्रोसेसर आय५ ७४०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पैसे दोघांनी मिळून घालायचे होते. त्याच्या यादीची बेरीज १०० धरली, तर आमच्याकडे ६५ होते.

भावाचा उपाय असा की प्रत्येक भाग एकेक पायरी खाली आणायचा. ८५० वॉटचे ७५० करायचे, २ टीबीची १ टीबी, कार्ड एक नंबर खालचं. मला ते पटेना. अशी सरसकट कात्री चालवली की दिव्यांचे जेवढे पैसे कापले जातात तेवढेच पॉवर सप्लायचेही कापले जातात, आणि शेवटी हातात येतं ते सगळीकडून थोडं थोडं खुरटलेलं मशीन. मी म्हटलं, आपण जे गेम्स खेळतो त्यांना नेमकं काय लागतं ते आधी मोजू. जे लागतं ते नीट घेऊ. जे लागत नाही ते स्वस्तातलंही घ्यायचं नाही.

मोजायला जुनंच मशीन कामी आलं. त्यात ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड होतं. एमएसआय आफ्टरबर्नर टाकलं की गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दिसत राहतात: फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा), कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वापर, व्हीरॅम म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी किती भरली, रॅम किती भरली. फ्रेम रेटवर काही मर्यादा घातलेली नसताना कार्ड ९७-९९ टक्क्यांना चिकटून असेल तर अडतंय ते कार्डापाशी. कार्ड ६०-७० टक्क्यांत रेंगाळतंय आणि तरी फ्रेम्स वाढत नाहीत, तर प्रोसेसर त्याला पुरा पडत नाही. खातरजमा करायची तर रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, ७२०पीवर आणून बघायचं. फ्रेम्स झपकन वाढल्या तर दोष कार्डाचा, जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरचा.

निकाल गेमगणिक वेगळा आला. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आय५ चे चारही कोअर पूर्ण भरलेले, कार्डाला मात्र श्वास घ्यायला जागा. सायबरपंक २०७७ मध्ये बरोबर उलट: कार्ड ९९ टक्क्यांवर, व्हीरॅम तुडुंब, सेटिंग्ज तळाला नेल्या तरी चित्र अडखळत. आणि भाऊ सगळ्यात जास्त तास ज्यात घालवतो तो एल्डन रिंग तर मुळात ६० फ्रेम्सवर बांधलेला आहे. जगातलं सगळ्यात महाग कार्ड लावलं तरी तो ६१ वी फ्रेम दाखवणार नाही. हे त्याला माहीत होतं, पण यादी करताना कुणाला आठवतं?

यानंतर मी यादी उलट्या टोकाने वाचायला घेतली, म्हणजे मॉनिटरपासून. लोक मॉनिटर शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. खरं तर मॉनिटर ठरला की कार्ड जवळपास ठरतं, आणि कार्डावरून पॉवर सप्लाय नि कॅबिनेट. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, ४केमध्ये ८३ लाखांच्या जवळ. म्हणजे १४४०पी घेतला की प्रत्येक फ्रेमला पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल रंगवायचे, आणि ते काम कार्डाने करायचं. मॉनिटरमागे थोडेसेच जास्त पैसे दिसतात, पण त्याची खरी किंमत कार्डाच्या ओळीत जाऊन बसते.

आम्ही २४ इंची १०८०पी आयपीएस मॉनिटर घेतला, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा), फ्रीसिंक असलेला. फ्रीसिंकसाठी मी अडून बसले होते. फ्रेम रेट ८० ते ११० मध्ये वरखाली होत असेल तर मॉनिटर आपला रिफ्रेश रेट त्याच्याशी जुळवून घेतो, चित्र फाटत नाही, हिसके कमी जाणवतात. त्यामुळे कायम १४४ फ्रेम्स मिळाल्याच पाहिजेत हा हट्ट सुटतो आणि त्या हट्टापायी घेतलं जाणारं कार्डही.

आता प्रोसेसर. ७८००एक्स३डी भारी आहे यात वाद नाही. त्याच्यावर ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, आहे आणि पुष्कळ गेम्सना ती मानवते. पण परीक्षणांमधले प्रोसेसरचे आलेख कसे काढतात ते बघायला हवं. परीक्षक मुद्दाम बाजारातलं सगळ्यात ताकदवान कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन खाली ठेवतात, म्हणजे कार्ड कुठे आड येणार नाही आणि प्रोसेसरांमधला फरक उघडा पडेल. पद्धत म्हणून ती अगदी योग्य आहे. मात्र तो फरक आपल्या घरी मध्यम कार्डावर तसाच्या तसा मिळत नाही, कारण तिथे कार्ड आधीच दमलेलं असतं. आमच्या बजेटात येणाऱ्या कार्डाबरोबर त्या प्रोसेसरची निम्मी ताकद बसून राहिली असती.

म्हणून मी सरळ प्लॅटफॉर्मच बदलायला सांगितला: एएम५ सोडून एएम४, म्हणजे एएमडीचं प्रोसेसर बसवायचं आधीचं सॉकेट. बचतीतला मोठा घास इथेच मिळाला, कारण प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या तीन ओळी एकदम खाली आल्या. एएम५ वर डीडीआर५ च चालते, एएम४ वर आधीच्या पिढीची डीडीआर४. रायझन ५ ५६०० हा एप्रिल २०२२ चा प्रोसेसर, ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट, आणि खोक्यातच कूलर. १४४ हर्ट्झच्या १०८०पी मॉनिटरला तो अजूनही छान पुरतो. त्याच्याहून स्वस्त ५५०० मोह घालतो. नाव जवळचं, कोअर तेवढेच. पण त्याची एल३ कॅश ३२ च्या जागी १६ एमबी आहे आणि तो पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या, ३.० या जुन्या आवृत्तीवरच थांबतो. गेमिंगसाठी ही कपात जाणवते, म्हणून तिकडे गेलो नाही. इंटेलचा आय५ १२४००एफ मात्र बरोबरीचा उमेदवार होता, त्यालाही डीडीआर४ चे बोर्ड मिळतात. हव्या तशा बोर्डाचा भाव जुळला नाही एवढ्यावरच तो मागे राहिला.

भाऊ गप्प बसणारा नव्हता. "एएम४ ला पुढे रस्ताच नाही. एएम५ ला एएमडी २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सांभाळणार आहे."

"आपल्या जुन्या मशीनचा प्रोसेसर आपण मधे कधी बदलला होता का रे?"

नव्हता बदलला. आमच्यासारखी माणसं कार्ड बदलतात, रॅम वाढवतात, आणि प्रोसेसर बदलायची वेळ येते तेव्हा बोर्डही बदलायच्याच लायकीचा झालेला असतो. जे दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलतात त्यांच्यासाठी एएम५ च योग्य, त्यांनी माझं ऐकू नये.

मदरबोर्डाच्या बाबतीत आधी नको असलेल्या गोष्टी खोडल्या. वाय-फाय नको, टेबलाशेजारी राउटर आहे, केबल लागते. ओव्हरक्लॉकिंग करणार नाही, त्यामुळे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमचा अवाढव्य थाट नको. ६५ वॉटच्या प्रोसेसरला साधा नीट बोर्ड पुरतो, त्यावर 'गेमिंग' छापलेलं असो वा नसो. बी४५०, ए५२० आणि बी५५० यांतून बी५५० घेतला. पहिले दोन पीसीआय एक्सप्रेस ३.० वर अडतात, आणि तेव्हा कार्ड ठरलं नव्हतं. मधल्या किमतीची काही कार्डं या मार्गाच्या १६ ऐवजी ८ च लेन वापरतात, त्यांना जुन्या स्लॉटात थोडा फटका बसतो. आरएक्स ६५०० एक्सटीचं तर कुप्रसिद्ध उदाहरण आहे. त्याला ४ च लेन, त्यात व्हीरॅम ४ जीबी, त्यामुळे ३.० च्या बोर्डावर ते फार घसरतं. स्वस्त कार्ड आणि स्वस्त बोर्ड एकमेकांना कसे खड्ड्यात घालतात ते बघायचं असेल तर ही जोडी बघावी. शेवटी आम्ही पूर्ण १६ लेनचं कार्ड घेतलं, त्यामुळे बी४५० नेही भागलं असतं. पण बी५५० वर दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) होता आणि बायॉस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, नव्याने भरायचं फ्लॅशबॅकचं बटण होतं. जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर त्याचं बायॉस रायझन ५००० ला ओळखतच नाही, मशीन चालू होत नाही आणि माणूस भाग खराब निघाला म्हणून हवालदिल होतो. हे बटण असलं की पेन ड्राइव्हवरून, प्रोसेसर न बसवताही, नवं बायॉस भरता येतं.

रॅमचं गणित २०२५ च्या अखेरीला सगळ्यांचंच विस्कटलं. एआय डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव चढत गेले. त्यामुळे ३२ जीबी डीडीआर५ ची ती ओळ यादी लिहिली तेव्हापेक्षाही जड झाली होती. एएम५ वर गेलेल्या एकाकडून आम्ही वापरलेली डीडीआर४ घेतली, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० वेगाच्या. वापरलेल्या भागांत रॅम हा सगळ्यात कमी धोक्याचा माल आहे असं माझं मत आहे. तिच्यात फिरणारं, झिजणारं काही नसतं, आणि बिघाड असेल तर मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवलं की बहुधा पकडला जातो. दोन पट्ट्यांऐवजी १६ जीबीची एकच पट्टी घेऊन पैसे वाचवायचा सल्लाही मिळाला होता. तो घेऊ नये. दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनल चालतं, म्हणजे दोन्हींतून एकाच वेळी माहिती जाते-येते, आणि एका पट्टीवर रायझनच्या फ्रेम्स सहज दिसण्याइतक्या पडतात. १६ जीबीत काही नवे गेम्स कडेकडेने बसतात हे खरं, पण बोर्डावर आणखी दोन खाचा मोकळ्या आहेत.

कार्डावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. कुठल्याही गेमिंग मशीनमध्ये पैशांचा मोठा हिस्सा इथेच जातो, त्यामुळे बचतही इथेच मोठी आणि फसगतही. नव्यात समोर होती ती आरएक्स ७६०० आणि आरटीएक्स ४०६०, दोन्ही ८ जीबीची, आणि इंटेलचं आर्क बी५८०, ते १२ जीबीचं. आर्क कागदावर फारच गोड दिसत होतं. पण त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रोसेसरवर भार पडतो, आणि आमच्याच ५६०० सारख्या प्रोसेसरबरोबर काही गेम्समध्ये ते बरंच मागे पडतं हे चाचण्यांत दिसून आलं आहे. ते कार्ड महागड्या प्रोसेसरबरोबर जितकं धावतं तितकं आमच्याकडे धावलं नसतं. म्हणजे पुन्हा तेच: भाग एकटा चांगला असून भागत नाही.

८ जीबीबद्दल माझं मन खात होतं. १०८०पीवर आज बहुतेक ठिकाणी ती पुरते, पण टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) वरच्या सेटिंगवर नेलं की काही गेम्समध्ये संपते, आणि व्हीरॅम संपली की फ्रेम्स हळूहळू कमी होत नाहीत, थेट अडखळतात. पुढच्या वर्षांसाठी आजच पैसे घालायचे नाहीत असं भावाला बजावणारी मी, या एका बाबतीत मात्र मागे हटले. त्याने तो मुद्दा आनंदाने लावून धरला आणि आमची नजर वापरलेल्या कार्डांकडे वळली.

वापरलेल्यांत आरएक्स ६७०० एक्सटी मनात भरलं. मार्च २०२१ चं कार्ड, १२ जीबी व्हीरॅम, आणि भाव साधारण नव्या ८ जीबीच्या कार्डाएवढाच. गमावलं काय, तर एनव्हीडियाचं डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम्स वाढवणारं तंत्र), ज्याचं चित्र एएमडीच्या तशाच जुन्या एफएसआरपेक्षा सरस असतं, प्रकाशकिरणांचा हिशोब करणाऱ्या रे ट्रेसिंगची ताकद, कंपनीची वॉरंटी, आणि विजेचं बिल, कारण हे २३० वॉट खातं तिथे ४०६० ची मजल ११५ वर संपते. दिवसाचे आठ तास खेळणाऱ्याने हा हिशोब वेगळा मांडावा. आम्ही तेवढं खेळत नाही आणि रे ट्रेसिंग बंदच ठेवतो.

वापरलेलं कार्ड म्हटलं की पहिला प्रश्न मायनिंगचा, म्हणजे कार्ड राबवून क्रिप्टो-चलन कमावण्याचा. इथेरियम हे चलन १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगविना चालणाऱ्या पद्धतीवर गेलं आणि तोवर राबलेली ढीगभर कार्डं विक्रीला आली. त्यांतली कित्येक अजून हातोहात फिरताहेत. मायनिंगने चिप मरते असं काही नाही. झिजतात ते पंखे, वाळतात ते उष्णता कूलरपर्यंत नेणारे थर्मल पॅड आणि पेस्ट. म्हणजे मागचा इतिहास विचारण्यापेक्षा आजचं तापमान बघणं जास्त खरं.

आमची अट एकच होती: कार्ड चालू मशीनमध्ये लावलेलं दाखवा. एका विक्रेत्याने "काढून ठेवलंय, पण एकदम ओके आहे" म्हटलं, तिथून नमस्कार करून निघालो. दुसऱ्याने बसवून दाखवलं. भावाने पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड नेलं होतं. ते कार्डाची कुंडली वाचतं: २५६० शेडर, १९२ बिट, १२ जीबी. हे बघायचं कारण, बनावट बायॉस भरून हलकं कार्ड भारी म्हणून खपवणारे असतात आणि हे आकडे तिथे जुळत नाहीत. मग कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क लावलं, ते थांबवून एक खरा गेम लावला आणि अर्धा तास गप्पा मारत बसलो. लक्ष दोन तापमानांवर होतं, चिपचं साधं तापमान आणि तिच्यातला सगळ्यात तापलेला बिंदू, ज्याला हॉटस्पॉट म्हणतात. या कार्डांसाठी हॉटस्पॉटची मर्यादा ११० अंश सेल्सियस आहे. पण त्या मर्यादेपेक्षा दोन तापमानांमधलं अंतर जास्त बोलतं. ते १५-२० अंशांत असेल तर ठीक. ३०च्या वर गेलं तर पेस्ट सुकली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. इथे अंतर बेताचं होतं. पंखे हळू आणि जोरात फिरवून कान लावला. मॉनिटरची केबल एकेक करून सगळ्या पोर्टांत लावून पाहिली. मूळ बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळला. मग भावाने घासाघीस केली. तिच्यात तो माझ्याहून वस्ताद आहे.

पॉवर सप्लायचे पैसे मात्र कापले नाहीत. वॉट कापले. कार्डाचे २३०, प्रोसेसर फार तर ७६, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी धरून पन्नासेक. बेरीज साडेतीनशेच्या आसपास. कार्डं क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतात, त्याची सोय धरून ६५० वॉट पुष्कळ झाले. एएमडीही या कार्डासाठी तेवढेच सुचवते. ८५० वरून खाली आल्याने जे वाचलं त्यातून चांगल्या प्रतीचा, लांब वॉरंटीचा ६५० घेतला. ८० प्लसच्या (गोल्ड वगैरे) बिल्ल्यावर भुलू नये. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किती वीज वाया जात नाही एवढंच तो सांगतो. व्होल्टेज बिघडलं, शॉर्ट झालं, फार तापलं तर हे युनिट स्वतःला वेळेवर बंद करेल का, हे त्या बिल्ल्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट मॉडेलचं उघडून केलेलं परीक्षण वाचावं लागतं. आणि जुन्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) पॉवर सप्लायच्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. टोकं तशीच दिसली तरी आतली जोडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते, आणि चुकीची केबल एसएसडी जाळू शकते.

बाकीच्या ओळी पटापट उडाल्या. लिक्विड कूलर गेला, कारण खोक्यातला कूलर ६५ वॉटला पुरतो, थोडा आवाज करतो इतकंच. गंमत म्हणजे मूळ यादीतल्या ७८००एक्स३डीलाही तो लागला नसता. गेममध्ये तो शंभर वॉटच्या बराच खाली राहतो, साधा टॉवर कूलर त्याला थंड ठेवतो. कॅबिनेट जुनंच वापरलं. आधी कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजली, हार्ड डिस्कचा पिंजरा काढला तेव्हा ते बसलं. पुढून हवा आत येईल अशी जाळी आहे, आणि बंद काचेपेक्षा ती कधीही बरी. नवी एनव्हीएमई १ टीबीची घेतली, टीएलसी (एका कप्प्यात तीन बिट साठवणाऱ्या) मेमरीची. जेन ३ आणि जेन ४ (म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ३.० आणि ४.०) मधला वेग बॉक्सवर दुप्पट दिसतो, गेम उघडताना फरक एखाद-दोन सेकंदांचा. जुनी साटा एसएसडी दुसऱ्या नंबरला लावली, आणि तिच्यावरचे गेम्सही चालतातच. लिनक्सवर जाऊन विंडोजचा खर्च वाचवायचा विचार होता. व्हॉल्वच्या प्रोटॉन या विंडोजचे गेम्स लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे २०१८ पासून तिथे पुष्कळ गेम्स चालतात. पण भाऊ व्हॅलोरंट खेळतो, त्याची व्हॅनगार्ड ही फसवेगिरीविरोधी (अँटी-चीट) यंत्रणा लिनक्सवर चालत नाही, आणि विंडोज ११ वर तिला टीपीएम २.० नि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा सोयी लागतात. आमच्याकडे विंडोजचं रिटेल लायसन्स होतं, ते नव्या मशीनवर नेता येतं. जुन्या मशीनबरोबर आलेलं ओईएम असतं तर नेता आलं नसतं.

जोडणी सरळ झाली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्यानंतर बसून जे केलं त्यात एक पैसाही न घालता बरंच काही मिळालं. बायॉसमध्ये एक्सएमपी चालू केलं, नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट्याने २१३३ किंवा २४०० वर चालत राहते. रिसायझेबल बार चालू केला, त्याने प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम दिसते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडला. नवा मॉनिटर लावून वर्षभर ६० वरच खेळणारे लोक मी पाहिले आहेत. मग कार्डाचं व्होल्टेज एएमडीच्याच सॉफ्टवेअरमधून पायरीपायरीने उतरवलं, प्रत्येक पायरीला गेम खेळून बघत. फ्रेम्स होत्या तिथेच राहिल्या, वॉट उतरले, पंख्यांचा आवाज लक्षात येण्याइतका कमी झाला.

आणि सेटिंग्ज. 'अल्ट्रा' हा शब्द बघितला की भावाचा हात आपोआप तिकडे जातो. मी त्याला थांबवून एकेक सेटिंग बदलून आकडे बघायला लावले. टेक्स्चर वरच ठेवलं, व्हीरॅम असेल तर त्याने फ्रेम्स जवळजवळ जात नाहीत. सावल्या, धुकं, प्रतिबिंबं अल्ट्रावरून हायवर आणली. चालत्या गेममध्ये फरक त्यालाही ओळखता येईना, पण फ्रेम्स इतक्या वाढल्या की त्यासाठी एरवी वरच्या नंबरचं कार्ड घ्यावं लागलं असतं. सायबरपंक आता रे ट्रेसिंगविना ६० च्या बराच वर राहतो, काउंटर-स्ट्राइक २ बहुतेक वेळ १४४ च्या पलीकडे.

बेरीज ६० च्या किंचित आत आली. जुनं १०५० टीआय विकून आणखी थोडे सुटले असते, पण ते ठेवलं. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे वॉरंटी नसलेलं कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. अशा वेळी दुरुस्ती होईपर्यंत भागवायला ते बरं. उरलेल्या पैशांतून बी५५० चा दुसरा एम.२ स्लॉट भरायचा आहे. तो चिपसेटमार्फत ३.० च्या वेगाने चालतो आणि भरला की आमच्या बोर्डावरचे दोन साटा पोर्ट बंद पडतात, हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवलं आहे. रॅमबरोबर एसएसडीचेही भाव चढले आहेत. ते उतरेपर्यंत एक गेम काढून दुसरा टाकणं चालू आहे.